फास्ट झालेली कॅसेट

शालिकराम लकडगंजात लाकूड चिरायच्या आरामशिनीवर कामाला होता आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लोकांच्या फर्माइशी वाजवून वाजवून तो विटला होता. म्हणून सत्त्याऐंशी साली त्यानं आणि ड्रमवाल्या बळीरामनं स्वतःची वऱ्हाडी गाणी रेकॉर्ड केली. सुट्टीच्या दिवशी, लाकडांच्या शेडमध्येच. त्यातलं एक गाणं शालिकरामच्या बापावर होतं. त्याची, गणपतरावांची, बोटं त्याच मशिनीनं खाल्ली होती.

कॅसेट कंपनीवाले दारात उभं करेनात, तेव्हा दोघांनी पदरमोड करून बर्डीवरच्या एका दुकानात कॅसेटी काढून घेतल्या. घरी आणून लावली आणि शालिकरामच्या अंगाचा तिळपापड झाला. गाणी नुसती पळत होती. त्याचा भरदार आवाज पार चिरका झाला होता.

तो तडक दुकानात गेला.

"थोडी फास्ट झाली, बस," दुकानदार म्हणाला. "कोणाले समजते?"

पुन्हा काढायची ऐपत नव्हती. बाकीचे दुकानदार कॅसेट हातात घेऊन विचारायचे, "कोणत्या पिक्चरची?" आणि परत द्यायचे. शेवटी चार-दोन कॅसेटी बळीरामनं ओळखीत फुकटच वाटल्या.

गणपतीत बळीराम धावत आला. "चाल गा! प्रताप नगरच्या मंडळात आपली कॅसेट वाजून राहिली!"

मांडवात गर्दी होती. बापाच्या बोटांचं गाणं लागलं होतं आणि लोक पोट धरून हसत होते. पोरं बोटं दुमडून नाचत होती.

मंडळाचे मधुकरराव खुशीत म्हणाले, "काय कॉमेडी केली गा तुम्ही!"

"कॉमेडी नाही जी. माह्या बापाचं गाणं आहे. मले एकदा म्हणू द्या."

शालिकराम स्टेजवर चढला. डोळे मिटून, पोटातून गायला. दुसऱ्या कडव्यालाच मागून आरडाओरडा झाला, "फास्टवालं लावा ना!" तरी त्यानं गाणं पुरं केलं. तो खाली उतरतो न उतरतो तोच कॅसेट पुन्हा सुरू झाली.

"विकून टाकू सगळ्या," बळीराम वाटेत म्हणाला. "लोक मागून राहिले."

"हसाले मागून राहिले."

"आपल्याले पहिल्यांदा कोणी मागून राहिलं गा, शालिक."

दसऱ्यापर्यंत एकही कॅसेट उरली नाही. लकडगंजात लोक त्याला "ओ फास्टवाले!" अशी हाक मारू लागले. तो मान वर न करता मशिनीत लाकूड सरकवत राहायचा.