न तडकणाऱ्या शेंगा

बरोबरीचे सगळे संगणकाचे कोर्स करून नोकऱ्यांना लागले आणि मी मूर्खासारखा मुगाच्या शेंगा निरखत बसलो. उन्हात तडकून दाणे उधळणार नाही अशी शेंग मला हवी होती. तो गुण पिढ्यांतून कसा उतरतो, हा माझा प्रबंध. कित्येक हंगामांच्या संकरानंतर काही झाडांना तशा शेंगा धरल्या. सदाशिव पेठेत राहत होतो तिथल्या गच्चीवर, झाडागणिक वेगळ्या पिशव्यांत, त्या वाळत ठेवल्या.

एका संध्याकाळी आलो तर पिशव्या गायब. घरमालकीणबाईंनी सगळे मूग एका डब्यात भरलेले.

"सोलून ठेवलेत. आभार नकोत."

"काकू, न तडकलेल्या शेंगा?"

"त्या निबर. उन्हातही उघडेनात, म्हणून घंटागाडीत टाकल्या."

घंटागाडी सकाळीच येऊन जाते, हे ठाऊक असूनही मी धावत सुटलो.