उंबऱ्याशी वाढलेलं पान

नातवंडांनो, भोरला चांगलं जेवण कुठे मिळतं, असं तुम्ही पत्रात विचारलंत, म्हणून हे लिहिते. मी नऊ वर्षांची असताना वडील मला भाटघरच्या एका म्हातारीच्या खाणावळीत माशाचं कालवण खायला घेऊन गेले. तिचा मुलगा धरणात बुडाला होता. त्याचं पान ती रोज आधी उंबऱ्याशी वाढायची. मला ते ठाऊक नव्हतं. भुकेने मी त्याच पानावर बसले.

"आता उठू नगंस, पोरी," म्हातारी कुजबुजली. "अर्धं टाकलंस, तर त्यो तुज्या मागं यील."

मी रडत सगळं संपवलं. भाकरीचा एक तुकडा माझ्या आधीच कुणीतरी मोडला होता, आणि तिथे ती ओली होती.

ती खाणावळ आता नाही. मी मात्र अजूनही पानात काही टाकत नाही.