फक्त रिव्हर्स

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितोय, कारण आजचा आनंद घरात मावत नाही.

आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी दळवी यांनी दसऱ्याला त्यांची जुनी गाडी मला विकली. मी चालवून बघतो म्हटलं, तर म्हणाले, "अहो, मुहूर्त टळतोय, आधी नारळ फोडा." मी फोडला. दिवाळीच्या आत गाडी बसली.

आज सकाळी मेकॅनिक इब्राहिमभाईंनी निकाल दिला. "साहेब, इंजिन तेल पितंय, गिअरबॉक्स खलास. फक्त रिव्हर्स लागतोय. बनवण्यात मजा नाय, विकून टाका."

वरून गॅलरीतून दळवी म्हणाले, "माझ्याकडे मस्त पळायची हो. चालवायला हात लागतो."

तिथेच माझं ठरलं. इब्राहिमभाईंना म्हटलं, "विकायची नाही. फक्त रिव्हर्स टाकला की गाणं वाजवणारा तो हॉर्न दुरुस्त करा."

दुपारी दळवी जेवून आडवे झाले. मी त्यांच्या खिडकीखाली गाडी मागे घेतली, सावकाश. शेजारच्या चौघांनी हौसेनं ढकलून पुढे आणली. मी पुन्हा मागे घेतली.

दळवी बनियनवर गॅलरीत आले. "अहो, काय चाललंय हे?"

"हात बसवतोय," मी म्हटलं.

उद्या दुपारीही मी मोकळा आहे. ढकलायला कोण कोण येताय?