हिरा सीफूड्सच्या संस्थापक

माझी आत्या एका कंपनीची संस्थापक आहे, हे तिला पहिल्यांदा कळलं ते सकाळी सव्वासात वाजता, तिच्या नवापूरच्या घरामागे बोंबील निवडताना.

"मी कोन हाय?" तिनं विचारलं.

"फाउंडर. म्हणजे संस्थापक. हिरा सीफूड्सची."

"आनि हे कोनी ठरवलं?"

"मी. माझ्या सीव्हीत."

आत्यानं हातातला बोंबील टोपलीत टाकला. (टाकला कसला, आपटला!)

झालं होतं असं. मी पालघरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातल्या निम्म्या पोरांना नोकऱ्या लागलेल्या, आणि मला तेवीस कंपन्यांपैकी एकीनंही साधं 'नको'सुद्धा कळवलं नव्हतं. शेवटी प्रथमेश नावाच्या एका सीनियरला मी माझा सीव्ही दाखवला. हातातला चहा प्यायच्या आत त्याचा वाचून झाला.

"जे केलंस तेवढंच लिहिलंयस?" तो म्हणाला. "मग यात आणि आधार कार्डात फरक काय? आकडे टाक! प्रत्येक ओळीत आकडा पाहिजे. आणि प्रोजेक्टला क्लायंट पाहिजे, क्लायंट!"

माझ्याकडे प्रोजेक्ट एकच होता. आत्या बोईसरच्या बाजारात मासे विकते. तिच्यासाठी मी मोबाइलवर एक ॲप बनवलं होतं. आज टोपलीत कुठले मासे आहेत ते तिनं दाबायचं, की नेहमीच्या गिऱ्हाइकांना मेसेज जाणार. पहिल्याच दिवशी तिनं 'मांदेली' एकदा दाबलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला मेसेज गेला सतरा वेळा. (एका मास्तरांनी तर काळजीनं फोन केला, "हिराबाई, घरी सगळं ठीक आहे ना?")

सीव्हीत हेच असं उतरलं: 'हिरा सीफूड्स या कंपनीसाठी ग्राहक संपर्क यंत्रणा उभारली. ग्राहकांशी संपर्कात सतरा पट वाढ.' आणि खाली संदर्भ म्हणून आत्याचं नाव, हुद्दा आणि मोबाइल नंबर.

चोविसाव्या कंपनीचं उत्तर आलं! मी जागच्या जागी उडी मारली आणि मग मेलचा उरलेला भाग वाचला. 'उद्या सकाळी अकरा वाजता आम्ही आपल्या क्लायंटशी फोनवर बोलू. दिलेली माहिती खोटी आढळल्यास आपल्या कॉलेजला कळवण्यात येईल.'

आम्ही पाम गावात राहतो. बाबा तारापूरच्या एका कारखान्यात फिटर आहेत. मी रडत रडत सगळं कबूल केलं, तेव्हा मला वाटलं ते ओरडतील. पण कारखान्यात इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट अंगवळणी पडली होती. संकट आलं की आधी मॉक ड्रिल!

"घाबरायचं नाय," ते म्हणाले. "प्रत्येकाला त्याचं काम वाटून देऊ. अर्धा दिवस रजा टाकतो मी."

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी सव्वासातला मी आत्याला गाठलं, आणि दहा वाजता आमचं अख्खं घर बोईसरच्या मासळी बाजारात, आत्याच्या टोपलीभोवती तैनात झालं. आईचं काम गिऱ्हाइकांना लांब ठेवायचं. माझं काम आत्याचा फोन चार्ज आहे का ते दर मिनिटाला बघायचं. आणि बाबा ड्रिल घेणार.

"ताई, तुला तीनच उत्तरं द्यायचीत," बाबा आत्याला म्हणाले. "'यस', 'व्हेरी गुड' आनि 'हंड्रेड पर्सेंट'. बाकी काय बोलायचंच नाय."

"कवा कुठलं बोलू?"

"मी बोटं दाखवीन. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं."

आत्यानं पाच वेळा बिनचूक म्हणून दाखवलं. अकरा वाजले. फोन वाजला नाही. अकरा पाच. नाही. माझ्या तळहातांना असा घाम सुटला की फोन निसटून बर्फात पडला. तो ओढणीनं पुसत असतानाच वाजला!

मी स्पीकर लावला.

"नमस्कार, मी हिरा सीफूड्सच्या संस्थापकांशी बोलतेय का?" एका बाईंचा आवाज.

बाबांनी एक बोट दाखवलं.

"यस!" आत्या कडाडली.

मला हायसं वाटलं. तेवढ्यात एक कामगार आईला चुकवून पुढे आला. "मौसी, बोंबील कैसे दिया?"

"अभी नाय, अभी नाय!" आई त्याला मागे ढकलायला लागली. बाबाही मदतीला धावले, आणि त्यांच्या दोन्ही हातांची दहाही बोटं त्या माणसाच्या छातीवर टेकली. आत्या बोटं शोधतेय, बोटंच नाहीत!

"मॅडम, तुम्हाला या ॲपमध्ये काही अडचणी आल्या का?"

"हंड्रेड पर्सेंट!" आत्यानं ठोकून दिलं.

"अच्छा... म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या?"

"व्हेरी गुड!"

मला डोळ्यांसमोर कॉलेजचे प्राचार्य दिसायला लागले.

"मॅडम, तुम्हाला माझे प्रश्न नीट ऐकू येतायत ना?"

आत्यानं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोयता बाजूला ठेवला. "ओ बाई, ऐकू सगलं येतं. ह्या लोकांनी माज्याकडून पाठ करून घेतलंय. मी कंपनी बिंपनी काय नाय. टोपली घेऊन बाजारात बसते. तुमी मराठीत सरळ विचारा, मी सरळ सांगते."

संपलं! मी टोपलीमागे खाली बसले.

"बरं," त्या बाई म्हणाल्या. "मग सरळ सांगा. ॲप कसं आहे?"

"पैलं बेकार होतं. मला वाचता येत नाय, आनि हिनं सगलं इंग्रजीत लिवलं! एक दाबलं की सतरा मेसेज. मी बोलली, हे घेऊन जा तुजं. मग ही माज्या भावाची पोरगी आठ दिवस माज्या बाजूला येऊन बसली. या वासात! मी बोट कुठं लावते, कुठं चुकते, सगलं वहीत लिवत होती. आता त्यात माशांची चित्रं हायत. हात ओले असले तरी दाबता येतं, एवडी मोटी चित्रं. आनि दुसऱ्यांदा दाबलं तर आधी विचारतं, परत पाठवू काय? आता मी रोज वापरते."

बाबांनी त्या कामगाराला अजून सोडलं नव्हतं, आणि तोही बिचारा आता कान देऊन ऐकत होता.

"तुमची भाची आहे का तिथे?"

"हाय ना. टोपलीमागं लपलीय."

मी फोन हातात घेतला. "सॉरी, मॅडम."

"हे आत्यांनी सांगितलं ते सीव्हीत का नाही?"

"त्यात... त्यात आकडे नव्हते, मॅडम."

त्या हसल्या की खोकल्या, मला आजही सांगता येणार नाही. "संध्याकाळपर्यंत नवीन सीव्ही पाठवा. फक्त खरं लिहा. आणि पाठवायच्या आधी आत्यांना वाचून दाखवा."

दुपारी आत्याच्या पडवीत बसून मी नवीन सीव्ही लिहिला. प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची, आत्या मान हलवायची नाहीतर म्हणायची, "हे खोटं. काढ." 'उत्तम नेतृत्वगुण' गेले. 'इंग्रजीवर प्रभुत्व' गेलं. 'दडपणाखाली शांत राहते' यावर तर ती एवढी हसली की तिला पाणी द्यावं लागलं! शेवटी उरल्या आठ ओळी. खाली सगळं पान कोरं.

"आत्या, एवढंसंच दिसतंय गं. आता काय करू?"

"मोटं मोटं लिव," आत्या म्हणाली. "पान भरंल."

मी तसंच केलं, आणि नोकरी लागली. पहिल्या दिवशी नवी ओढणी, इस्त्रीचा ड्रेस अशा थाटात मी ऑफिसात शिरले. रिसेप्शनवर नाव सांगणार, तेवढ्यात फोनवरच्या त्याच मॅडम समोरून आल्या आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अरे या, या! ज्यांचा सीव्ही मी चष्म्याशिवाय वाचला, त्या तुम्हीच ना?"