उजव्या सीटवरचा पेपर

गाडीवाल्या साहेबांनी उजव्या सीटवर पेपर पसरला. कालचा, इंग्रजी. दोन पानं. कडा नीट दाबून बसवल्या. मग मला म्हणाले, "हं, बसा आता."

दसऱ्याची सकाळ होती. गाडीच्या बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. स्टिअरिंगवर, म्हणजे इथे डावीकडे, आमचे मेकॅनिक इक्बालभाई बसले होते. त्यांच्या ओव्हरऑलवर आठवडाभराचं ऑइल. त्यांच्याखाली पेपर नव्हता. माझा ड्रेस धुतलेला, इस्त्रीचा. मला पेपर.

"हे कशाला?" मी विचारलं.

"वाईट वाटून घेऊ नका, बाई. आज पूजा झालीय गाडीची. एक पद्धत असते."

दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस मला ताई म्हणत होता.

अल ऐनच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, मी पार्ट्सच्या काउंटरवर होते. क्रॅशनंतरचं, म्हणजे दुबईतल्या मोठ्या मंदीनंतरचं दुसरं वर्ष. माझ्या नवऱ्याची नोकरी पहिल्याच वर्षी गेली होती, तो पनवेलला परतला होता. मुलीचं डिप्लोमाचं शिक्षण माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. आमचा ट्यूनर एका गुरुवारी सामान घेऊन गेला तो आलाच नाही. त्याचा लॅपटॉप राहिला. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे त्या लॅपटॉपवरून ठरवतात. त्याला मॅप म्हणतात. मी सहा महिने जेवणाची सुट्टी न घेता तो शिकले. कुणी शिकवलं नाही.

साहेब दुबईहून आले, कारण अल ऐनमध्ये काम स्वस्त. माझं मराठी ऐकून खूश झाले. "अरे वा, ताई! इकडे वाळवंटात मराठी माणूस!" मरीनातलं महागडं घर सोडून ते डिस्कव्हरी गार्डन्सच्या स्वस्त फ्लॅटमध्ये आले होते. मोठी गाडी बँकेने नेली होती. उरली बायकोची छोटी हॅचबॅक. शुक्रवारी सकाळी त्यांचा ग्रुप जबल हफीतचा घाट चढायचा. जुन्या ग्रुपमध्ये मागे पडायचं नव्हतं, म्हणून छोट्या गाडीची ताकद वाढवायची होती.

"टर्बो बसवायचाय. आठ हजार दिरहॅमच्या आत. म्हणजे लाखभर रुपये झाले, ताई. त्याच्यावर एक फिल्स नाही."

मी कागद घेतला. आधी इंजिनाची तपासणी. ते दमलेलं असेल तर पुढचं सगळं रद्द. मग ब्रेक. टायर. मोठा रेडिएटर, कारण इथल्या उन्हात साधी गाडीच तापते. मग पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर. सर्वांत शेवटी टर्बो, तोही कमी दाबाचा. आणि मॅप.

"टर्बोसाठी आलोय, आणि टर्बो शेवटी?" ते हसले.

इक्बालभाई दापोलीचे. मला वहिनी म्हणायचे. स्पष्ट बोलायचे. "साहेब, वहिनी सांगतात तसं करा. परवा एकाने आधी टर्बो लावला. पिस्टनला भोक पडलं. आता टॅक्सीने फिरतो."

साहेब कबूल झाले. जुना पण चांगला टर्बो मी शारजाच्या भंगारातून शोधून काढला. बजेट सांभाळलं. कागदाची घडी खिशात ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणाले नव्हते. आता सांगितलं.

"गाव?"

तेही सांगितलं. माझ्या आडनावात माझी जात आहे, ती शोधायला कष्ट पडत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरची ओळख तिथल्या तिथे विझली. त्यानंतर मी बाई झाले. त्यानंतर चावी माझ्या हातात आली नाही, काउंटरवर आली. चहा आणला तर, "आत्ताच झाला." बाजूला उभ्या इक्बालभाईंकडचा मात्र घेतला.

मी पाहिलं आणि गिळलं. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि महिन्याभरात माणूस. मुलीचं एक वर्ष बाकी होतं. मी स्वतःला सांगत होते, काम कर, लक्ष देऊ नकोस. हे मी शाळेपासून सांगत आले होते. तेव्हाही एका बाईंनी माझी वही पट्टीने उलटली होती. बरोबर उत्तरांची वही.

आणि आता हा पेपर.

एक गोष्ट सांगते. आमच्या गॅरेजमध्ये गाडी आली की सीटवर प्लॅस्टिक घालतात. ऑइल लागू नये म्हणून. त्या सकाळी साहेबांनी पूजेची गाडी म्हणून दोन्ही सीटवरचं प्लॅस्टिक स्वतः काढलं. ऑइलचा माणूस उघड्या सीटवर बसवला. पेपर फक्त माझ्यासाठी. म्हणजे डागाची भीती नव्हतीच. ऑइल धुऊन निघतं, हे त्यांना माहीत होतं.

त्यांचा नाइलाज असा होता की मॅप उभ्या गाडीत होत नाही. एकाने चालवायची, दुसऱ्याने शेजारी लॅपटॉप घेऊन आकडे बघत दुरुस्त करायचे. त्या सीटवर मीच लागत होते.

"पेपर काढा," मी म्हणाले.

"बाई, उशीर होतोय. घाटाखाली लोक थांबलेत."

"पेपर काढा, मग बसते."

ते इक्बालभाईंकडे वळले. "लॅपटॉप तुम्हीच घ्या ना. हिला राहू दे."

बाईची आता ‘ही’ झाली.

इक्बालभाई खाली उतरले. "मला पाना कळतो, साहेब. लॅपटॉप वहिनींचा." मग सीटकडे बघून म्हणाले, "ऑइल माझ्या अंगावर, आणि पेपर वहिनींना? हा कुठला हिशोब?"

साहेब लाल झाले. "मुदीरला सांगतो. व्हिसा खलास करायला लावतो. मग कळेल."

मुदीर म्हणजे आमचा मॅनेजर. तो करू शकत होता. तरी मी लॅपटॉप मिटला. केबल गुंडाळली. इक्बालभाईंना म्हटलं, "टर्बोचा दाब पूर्ण बंद करा. मॅपशिवाय इंजिन फुटायला नको." आणि साहेबांना म्हटलं, "गाडी घरी जाईल. आधी होती तशीच चालेल. घाट चढवू नका."

मग मी तो पेपर उचलला, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला. हातातच दिला. काउंटरवर टाकला नाही.

मुदीरने संध्याकाळी बोलावलं. "सॉरी बोल दो, बात खलास."

"नहीं बोलूँगी."

त्याने मला व्हिसावर ठेवलं, पण मागच्या गोदामात पाठवलं. पगार कापला. पनवेलला दर महिन्याला कमी पैसे गेले. मुलगी फोनवर म्हणाली, "मम्मी, इट्स ओके, आय विल मॅनेज." ओके नव्हतं. ती सुट्टीत दुकानात उभी राहिली. हे मी विसरलेले नाही.

गोदामात चार महिने फिल्टर मोजले. तोवर पुढे गॅरेजमध्ये दोन गाड्या कुणीतरी अंदाजाने मॅप केल्या. दोन्ही इंजिनं गेली. मग मुदीर स्वतः मागे आला. "यल्ला, चलो."

"पगार पहिल्याइतका. आणि एक नियम माझा," मी म्हटलं. त्याने ऐकून घेतला. ऐकणं भागच होतं.

साहेबांच्या गाडीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आज काउंटर माझ्याकडे आहे. छोटी गाडी, थोडे पैसे आणि टर्बोचं वेड घेऊन माणसं येतात. मी तसाच एक कागद घेते. टर्बो अजूनही शेवटीच येतो. पण इंजिनाची तपासणी आता पहिल्या नंबरवर नाही. तिच्याही वर मी एक ओळ लिहिते आणि त्या ओळीखाली गिऱ्हाइकाची सही घेते.

सीटवर अंथरायचं तर दोन्ही सीटवर. नाहीतर एकीवरही नाही.

सही केली नाही, तर चावी परत.