राखेची दोन वाक्यं

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, चर्चमधल्या सकाळच्या मिसाच्या प्रार्थनेला, कपाळाला राख लावून घ्यायला पास्कूमामांनी माझ्यासमोर डोकं वाकवलं आणि त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच वरून पाहिलं. वरून माणूस फार उघडा दिसतो. बोलणारं तोंड तिथून दिसतच नाही.

कॅथलिक विचार आणि संस्कृती या विषयात एमए करायला निघाले, तेव्हा याच मामांनी चर्चच्या अंगणात चारचौघांत सांगितलं होतं, "बाय, ही फादरांची कामं. तू आपली वेदीवरची फुलं बघ." सगळे हसले होते. पुढची दोन वर्षं मी क्षमेवरचे ग्रंथ वाचले, ते त्या हसण्यावर दात धरून. क्षमेच्या पेपरात वर्गात पहिली आले.

यंदा फादरांनी राखेची वाटी माझ्याही हाती दिली. राख लावताना म्हणायची दोन वाक्यं असतात, कुठलंही चालतं. साऱ्या रांगेला मी सौम्य वाक्य म्हटलं, पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा. दुसरं मामांसाठी जपून ठेवलं होतं. अंगठा जरा दाबूनच फिरवला आणि सावकाश म्हटलं, "माणसा, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील."

"आमेन," म्हणून ते डोळे मिटून जागेवर गेले. मला फार बरं वाटलं.

घरी आरशासमोर कपाळ पुसताना आठवू लागले, सुरुवातीला फादरांनी मला राख लावली, तेव्हा कोणतं वाक्य म्हटलं होतं. आठवेना. मी तेव्हा मामा कोणत्या बाकावर बसलेत ते शोधत होते.