टायपिंगवाल्या ताईंनी बदललेला शब्द

कामोठ्यात आमच्या कॉलेजसमोर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या ताई मूळच्या इथल्याच गावच्या. नाव मी कधी विचारलं नाही. मी इतिहास शिकवतो आणि माझ्या नोट्स नेहमी त्याच टाइप करतात. टाइप करताना त्यांचे ओठ हलतात. शुद्धलेखनाची चूक सापडली की ‘अरे देवा’ म्हणून न विचारता सुधारतात.

परवा अटलांटिकपार चाललेल्या गुलामांच्या व्यापाराचं प्रकरण दिलं. मी लिहिलं होतं, ‘आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत गुलाम भरले जात.’ छापून आलं, ‘माणसे भरली जात.’

“ताई, इथे शब्द बदललाय.”

“मुद्दाम बदललाय, सर. घरातून पकडून आनलेली मानसंच होती ना ती? गुलाम तर त्यांना दुसऱ्यांनी केलं. आपन कशाला म्हनायचं?”

इतकी वर्षं शिकवतोय, पण हे मला सुचलं नव्हतं. आधी ओशाळलो, मग फार बरं वाटलं. तिथेच स्टुलावर बसून अजून टाइप न झालेलं शेवटचं पान काढलं. त्यात होतं, ‘इंग्लंडने गुलामांना मुक्त केले.’

“आणि इथे?” मी विचारलं.

त्यांनी वाक्य दोनदा वाचलं. “सुटायला ती मानसं पन धडपडली असतील ना? ते आधी लिवा.”

धडपडली होतीच. मी लिहायला बसलो आणि प्रकरण दोन पानांनी वाढलं.